कॉइलचा गुण

मुंबईच्या डॉक्टरांनी ऋचाच्या कागदावर 'बॉर्डरलाइन पर्सनॅलिटी' असा मनाचा विकार लिहिला होता. परदेशात मेंदूला चुंबकाचे झटके देऊन मन ताळ्यावर आणायचे प्रयोग चाललेत, असं तिच्या नवऱ्याने, सारंगने एका मासिकात वाचलं. सिल्वासात पंख्यांच्या मोटारी बनवणाऱ्या कंपनीत तो इंजिनियर होता. त्याने तिथल्याच तांब्याच्या तारेची कॉइल गुंडाळली, ट्रान्सफॉर्मरला जोडली आणि रोज संध्याकाळी कामावरून आल्या आल्या वीस मिनिटं ती ऋचाच्या डोक्याशी धरू लागला.

"पंख्याच्या मोटारीपेक्षा जास्त तार लागली तुला सरळ करायला," तो म्हणायचा.

तिने ताट फेकल्याची, स्वतःला कोंडून घेतल्याची, मनगटाला इजा केल्याची नोंद तो तारखेसह वहीत ठेवत असे. कॉइल सुरू होण्यापूर्वी, जूनमध्ये सतरा वेळा. सप्टेंबरमध्ये एकदा.

वही आणि कॉइल डॉक्टरांना दाखवायचं त्याने ठरवलं. निघण्यापूर्वी त्याने कॉइलला मीटर लावला. काटा जागचा हलला नाही.

"तार तुटलीय. कधीपासून?"

"दुसऱ्याच दिवशी मी कापली, टेपच्या आतून. ट्रान्सफॉर्मर घुमत राहिला, तुम्हाला तेवढं पुरलं."

"खोटं बोलू नकोस. मग गुण कशाने आला?"

ऋचाने वही मिटून त्याच्या हातात दिली.

"कंपनीतून आणलेला राग निवेपर्यंत तुमचे दोन्ही हात कॉइल धरण्यात गुंतलेले असायचे."