अन्वीचे सात

अन्वी स्टुलावर चढली तसे सगळे जेवायचे थांबले.

म्युनिकमधल्या त्या फ्लॅटमध्ये येरलानचे कझाक नातेवाईक जमले होते. त्याचे वडील, सेरिक आजोबा, अल्माटीहून पहिल्यांदाच आले होते. मुलांनी थोरांसमोर आपल्या सात पूर्वजांची नावं ओळीनं म्हणायची, ही त्यांची रीत. येरलानच्या पुतण्यांनी ती घडाघडा म्हटली आणि शाबासकी घेतली. आता नऊ वर्षांच्या अन्वीची पाळी. किती दिवस आरशासमोर उभी राहून पाठ करत होती.

"माझे बाबा येरलान," तिनं सुरुवात केली. "येरलानचे बाबा सेरिक, सेरिकचे..."

आजोबांनी हात वर करून तिला थांबवलं. रागानं नाही, समजावल्यासारखं काहीतरी बोलले. येरलान ताटात बघत राहिला.

"काय म्हणाले?" अन्वीच्या आईनं, सुलेखानं विचारलं.

"ही नावं तिची नाहीत म्हणतात," येरलान हलक्या आवाजात जर्मनमध्ये म्हणाला. "आमच्यात सात पिढ्यांच्या आत लग्न होत नाही. रक्ताचं कोण ते ठाऊक नसेल, तर उद्या स्वतःच्या भावाशीच लग्न करून बसायची. तिला तिच्या बापाकडची नावं शिकवा म्हणतात."

"मग तू काय सांगितलंस?"

अन्वी आपणहून स्टुलावरून उतरली.

सुलेखा उठून स्वयंपाकघरात गेली. दार लावून घेतलं आणि साताऱ्याला फोन लावला. अन्वीचे वडील श्यामकांत गेले, त्याला पाच वर्षं झाली होती. सुलेखानं दुसरं लग्न केल्यापासून त्या घरून फोन येणं बंद झालं होतं.

"भावोजी, मी सुलेखा. तुमच्या आजोबांचं नाव काय होतं? आणि त्यांच्या मागचे कोण कोण?"

"कशाला हवंय?" तिच्या दिरांनी, पद्माकरांनी विचारलं.

"अन्वीला शिकवायचंय."

"तिचं आडनाव बदललंत ना? आता ज्यांची झाली, त्यांचे पूर्वज शिकवा की."

"अहो भावोजी, तुमच्या सख्ख्या भावाची मुलगी आहे ती."

फोन ठेवल्याचा आवाज आला.

ती बाहेर आली तेव्हा सगळे तिच्याकडेच बघत होते. अन्वीही. सुलेखानं तिला जवळ ओढलं.

"लिहून नको घेऊस, ऐक," ती म्हणाली. "श्यामकांत. त्यांचे बाबा वासुदेव."

पुढे तिला काही ठाऊक नव्हतं. मग जी नावं तोंडाशी आली ती सांगत गेली. शाळेत भूगोल शिकवणारे मास्तर. गल्लीतला शिंपी. बाळंतपण करणारे डॉक्टर. शेजारचे पेन्शनर. श्यामकांत गेले त्या हॉस्पिटलमधला वॉर्डबॉय.

"वासुदेवांचे बाबा गजानन. मग रघुनाथ, मग विठ्ठलराव, मग सदानंद. आणि सगळ्यात वरचे धोंडीराम."

आजोबांनी एकेक नाव अडखळत, पण नीट म्हणून पाहिलं. त्यांचा चेहरा उजळला. त्यांनी दोन्ही तळवे वर उचलले आणि त्या मेलेल्या माणसांसाठी दुआ मागितली. खोलीतल्या सगळ्यांनी हात उचलले. येरलाननंही. सुलेखानंही उचलले.

नंतर अन्वी तिच्या कानाशी आली. खूप दिवसांनी मराठीत बोलली.

"आई, त्यांतले सगळ्यात चांगले कोण होते?"

"धोंडीराम," सुलेखा म्हणाली.

"का?"

"तुझे बाबा गेले तेव्हा त्यांच्या घरचं कोणी आलं नव्हतं. बाबांचा हात धोंडीरामांच्या हातात होता."

अन्वीनं मोठ्या अभिमानानं मान डोलावली.