उसनी लढाई

तोफेचा गोळा पडला, शेजारी कोणीतरी किंचाळलं, आणि पंतप्रधान मृणालिनीबाईंनी डोक्यावरचं यंत्र ओढून काढलं. पुढचं सोसवेना. युद्ध न पाहिलेल्या नेत्यानं हल्ल्याचा हुकूम देण्याआधी एका जवानाची आठवण शेवटपर्यंत भोगायची, असा कायदा होता. तरी बाईंनी हुकमावर सही ठोकली.

दाराशी आठवण देणारा हवालदार धोंडीराम उभा होता.

“मॅडम, सगळं पाहिलंत ना?”

“हो.”

“मग माझा दोस्त जीव सोडताना काही बोलला का? आठवण काढून दिल्यापासून मला तो दिवसच आठवत नाही. यंत्रात ती दुसऱ्यांदा लागतही नाही. त्याची आई बाहेर बसलीय.”

बाईंची मान खाली गेली. “आईलाच हाक मारली त्यानं.”

धोंडीराम सांगायला धावला. बाहेरून म्हातारीचा हुंदका आला, “देव तुमचं भलं करो, बाई!”