दोन लवंगांचा विडा

नागावच्या त्या बंगल्यात दुपारची जेवणं उरकली आणि मुंबईहून आलेल्या सात पाहुण्यांचा खुनाचा खेळ रंगात आला. खेळातला खून खराच होता, नव्वद वर्षांपूर्वीचा; पाहुणे त्यातली पात्रं झाले होते. अशाच पंगतीनंतर बंगल्याचे शेठ विडा खाऊन मेले होते. विडे सात, विष एकातच. शेठना दोन लवंगांचा विडा लागायचा, म्हणून मारणाऱ्याची चूक झाली नाही. तो कधी सापडलाही नाही. आळ आला तो विडे लावणाऱ्या बाईवर.

आता इथे स्वयंपाक करणारी सोनूबाई त्या बाईची नातसून. त्यांच्या घरात तेव्हापासून विड्याला दुसरी लवंग कुणी टोचत नाही.

आज तिने सात विडे लावले, सात लवंगा टोचल्या. तबक उचललं तर एका विड्याला दोन. तिने जादा लवंग उपसून खिडकीबाहेर फेकली. ओटीवर पोचेपर्यंत पुन्हा दोन.

तिने तो विडाच कमरेला खोचला आणि सहा विड्यांचं तबक पुढे केलं.

"एक कमी हाय, ताई," ती मालकिणीला म्हणाली. "शेठ झालेत त्यांना देऊ नका."

खेळात शेठ झालेला केतन हसला. त्याचे ओठ लाल झाले होते.

"मला मिळाला की, मावशी. पण मलाच दोन लवंगा का?"