पन्नास शब्दांच्या आत

“‘मला अंधाराची भीती वाटते’ हे काय लिहिलंयस?” कात्रीने चष्मा कपाळावर ढकलला. “निवासी शाळेच्या प्रवेशअर्जात असं कुणी लिहितं का?”

“प्रश्नच तसा आहे,” लेक म्हणाली. “घरापासून दूर राहून तुम्हाला काय मिळेल? पन्नास शब्दांच्या आत.”

तिने लिहिलं होतं: मला अंधाराची भीती वाटते. तिथे एका खोलीत बाराजणी झोपतात. म्हणजे भीती वाटून घेता येईल.

कात्री हे तिच्या बापाला वर्तमानपत्राच्या कचेरीत पडलेलं नाव. बातमीदाराने ‘दुःखाचा डोंगर कोसळला’ असं लिहून आणलं, की हा पठ्ठ्या ती ओळ बिनदिक्कत उडवायचा. “डोंगर कोसळला, तर रस्ता बंद झाला का ते लिही,” म्हणायचा. भलेभले बातमीदार त्याच्या टेबलाशी येताना आवंढा गिळत.

आता मात्र त्याने लेकीची तिन्ही वाक्यं खोडली आणि सांगितलं, “हं, घे लिहून. शिस्त, स्वावलंबन आणि सहकार्य हे जीवनाचे तीन आधारस्तंभ होत.”

पोरगी एरवी वादात हार जाणारी नव्हे. भाजीत मीठ किती, यावरूनही तासभर भांडेल. आज मुकाट लिहून घेत होती. शाळेची ओढच तेवढी, कात्रीला वाटलं. त्या शाळेच्या गच्चीवर भली मोठी दुर्बीण होती आणि तिचा फोटो पोरीने वर्षभर उशाशी ठेवला होता.

बायको गेल्यापासून घरात ही दोघंच. पोरगी गेली की हा एकटा. पण कुणी विषय काढलाच तर म्हणायचा, “जाऊ दे की! पोरीचं भलं होतंय, मी कोण आडवा येणारा?”

पुढचा प्रश्न होता, तुमच्या हातून झालेली एक चूक. तिने लिहिलं होतं: मैत्रिणीचं गुपित मी फोडलं. तिने मला माफ केलं. मी स्वतःला अजून केलेलं नाही.

कात्री त्या ओळींकडे जरा जास्तच वेळ बघत राहिला. मग त्या खोडून म्हणाला, “छे छे! लिही, अति परिश्रम करणे हाच माझा एकमेव दोष आहे.”

चार दिवस राहायला आलेली त्याची बहीण चहा घेऊन आली. तिला हसू आवरेना. “अरे दादा, ही पोर बोलतेय की पुढारी?”

“शाळांना असंच लागतं. तुला काय कळतंय त्यातलं?” तो एकदम खेकसला. बहिणीने कप जरा आपटूनच ठेवला.

पोरीने सगळं वळणदार अक्षरात उतरवून काढलं, पाकीट स्वतःच चिकटवलं आणि आत्याला सोबत घेऊन टपालात टाकून आली.

दोनेक महिन्यांनी शाळेचा फोन आला. मुख्याध्यापिका बोलत होत्या. लेक नखं कुरतडत बाजूला उभी होती.

“अभिनंदन! मुलीची निवड झालीय. भीती वाटून घ्यायचं ते उत्तर आम्ही सगळ्या शिक्षकांना वाचून दाखवलं. आणि ते मैत्रिणीच्या गुपिताचं! घरात कुणी लिहिणारं आहे का हो?”

“आहे,” एवढंच म्हणून कात्रीने फोन ठेवला.

“मी सांगितलेलं तू पाठवलंच नाहीस?”

“नाही.” तिचे डोळे काठोकाठ भरले होते. ती त्याच्याजवळ आली आणि लहानपणी धरायची तसं तिने त्याचं बोट धरलं.

“मी जाऊ नये म्हणून मुद्दाम इतकं वाईट लिहायचं, बाबा... किती जड गेलं असेल हो तुम्हाला,” ती म्हणाली. “पण मला जायचंय.”