बांबूचं विमान

तिसऱ्यांदाही आमचं घरगुती विमान शेताच्या बांधाशी जाऊन थांबलं. बांबूचा सांगाडा, जुन्या स्कूटरचं इंजिन आणि बायकोने शिवलेले कापडी पंख. तोळ्यातोळ्याने मी सगळं हलकं केलं होतं.

"आता तुम्हीच तेवढे जड उरलात," ती म्हणाली. "उठा, मी बसते."

"अगं, चालवणार कशी?"

"चाळीस वर्षं शिलाई मशीन चालवतेय. पायांचं काम मला नका शिकवू."

पदर खोचून ती बसली आणि विमान गवतावरून असं अलगद उठलं, की त्याचं त्यालाही कळलं नसावं. वळण घेऊन ती धरणावर गेली. तिचं माहेर त्याच पाण्याखाली गेलेलं, लग्नाच्या दुसऱ्याच वर्षी. तेव्हापासून दिवाळीला ती नुसती काठावर जाऊन यायची.

पेट्रोल अर्ध्या तासाचं होतं. दोन तास झाले तरी इंजिन ढगांत गुणगुणतच होतं. घड्याळ खोटं बोलत असेल तर माहीत नाही. ही आता माहेरीच राहते की काय, या धास्तीने मी बांधावर चढून तिला हाका मारू लागलो.

ऊन कलल्यावर ती उतरली.

"दिसलं?"

"सगळं. गोठा, चिंच, आपल्या लग्नाचा मांडव घातला होता ती जागा. आई अंगणात पापड वाळत घालत होती. म्हणाली, एकटीच आलीस? जावई कुठे?"

पाण्याखाली पापड कसे वाळतात, हे मी विचारलं नाही. दुसरी बैठक पुढे बसवू की मागे, एवढंच विचारलं.