आता केवढा?

या, जरा पुढे सरकून बसा. दाराशी का उभे? जागा पुष्कळ आहे, आणि गोष्ट लहान आहे. एका आईची आहे, तेव्हा देवाचं नाव घ्यावं आणि ऐकावी.

हरवलेल्या माणसांच्या कचेरीत चाळणीचा पाय टेबलाखाली सारखा हलत होता. चाळणी हे त्याला कचेरीनं ठेवलेलं नाव. काँप्युटरमधल्या तक्त्यातून दुबार नोंदी चाळून काढायच्या, हे त्याचं काम. संध्याकाळच्या आत तक्ता मुख्य कचेरीत जायचा होता, आणि एक जरी माणूस त्यात दोनदा दिसला तर सगळा तक्ता परत येणार होता.

"झालं का रे चाळून? की आता मळायलाच बसलास?" आतून मोठ्या बाईंनी विचारलं.

"एक पोरगा अडलाय, बाई."

नाव तेच, जन्मतारीख तीच, आईचा फोन तोच. दर वर्षी एक नवी नोंद. नियम सरळ होता: पहिली ठेवायची, बाकीच्या उडवायच्या. चाळणीचं बोट बटणापर्यंत गेलं आणि थांबलं. प्रत्येक नोंदीत उंची वेगळी होती. चढत गेलेली. हरवलेल्या पोराला मोजलं कोणी? कुठे कोणी सापडलं की यंत्र वय आणि उंची ताडून बघायचं. माप चुकलं, तर हा पोरगा समोर येऊन उभा राहिला तरी यंत्र त्याला ओळखणार नव्हतं.

त्यानं घाईघाईनं फोन लावला. "हरवलेल्यांच्या कचेरीतून बोलतोय. तुमच्या मुलाच्या नोंदीबद्दल..."

पलीकडे भांडं पडल्याचा आवाज आला आणि फोन बंद झाला. त्यानं परत लावला. परत परत लावला. कोणी उचलेना.

मग त्याला आपली चूक कळली. या कचेरीतून घरी फोन केला की पहिलं वाक्य ठरलेलं असतं: अजून सापडलेला नाही. बाकीचं सगळं त्यानंतर. नवा माणूससुद्धा हे विसरत नाही. चाळणी विसरला होता.

ती आली ती धापा टाकत. एका पायात एक चप्पल, दुसऱ्यात भलतीच. हातांना कोपरापर्यंत भांड्यांचा साबण.

"कुठाय?" खोलीतल्या एकेका खुर्चीकडे बघत तिनं विचारलं.

चाळणी उठून उभा राहिला. "मावशी, अजून सापडलेला नाही. हे मी आधी सांगायला हवं होतं. चुकलं माझं."

ती बसली नाही. खुर्चीची पाठ तेवढी धरली. "मग फोन कशाला केलास रे बाळा?"

"तुम्ही त्याला दर वर्षी नव्यानं लिहून गेलात. उंची दर वेळी वेगळी."

"मग? पोर वाढायचं नाही का?" ती एकदम तडकली. "माझा भाचा त्याच्याच वयाचा. दोघांना एकाच मापाचे कपडे शिवायचे मी. याच्या वाढदिवसाला भाच्याला भिंतीशी उभा करते, मोजते, आणि इथे येते. हरवला तेव्हा एवढा होता." तिनं कमरेशी हात धरला. "म्हणून तुम्ही एवढाच शोधत बसाल."

मोठ्या बाई दारात येऊन उभ्या होत्या. "पहिलीच नोंद राहील," त्या हळूच म्हणाल्या. "नियम आहे."

"पहिलीच ठेवतो, बाई."

चाळणीनं बाकीच्या उडवल्या. एकेक ओळ जाताना आई पडद्याकडे बघत होती. मग उरलेल्या नोंदीतली उंची त्यानं पुसली.

"सांगा मावशी. आता केवढा?"

तिनं हात कमरेवरून उचलला. खांद्याशी नेला, डोक्याशी नेला, आणि टाचा उंच करून डोक्याच्याही वर धरला.

मोठ्या बाईंनी खणातून टेप काढली, वरचं टोक चाळणीच्या हातात दिलं, आणि खालचं टोक धरायला स्वतः जमिनीवर गुडघे टेकले.

"पुढल्या वर्षी येऊ ना रे?" हात तसाच धरून तिनं विचारलं.

"या की. पण नवी नोंद नको. हीच वाढवीन मी."

तर मंडळी, आज देवापुढे हात जोडाल तेव्हा त्या मुलाला आठवा. फक्त आठवताना मान खाली घालू नका. जरा वर बघा.