फिलूताईचं बोट

"फिलोमिना डाबरेंची एकच कसोटी हुकली," महिला संघाच्या कसोटी विक्रमांचं पुस्तक लिहिणारा तरुण म्हणाला, "नाहीतर सलग सामन्यांचा विक्रम आज त्यांच्याच नावावर असता."

उज्ज्वलाताईंना ते ठाऊक होतं. तो एकच सामना त्या स्वतः खेळल्या होत्या. चार दौरे राखीव यष्टिरक्षक म्हणून मैदानात पाणी नेण्यात गेले, आणि शेवटच्या दौऱ्यात एका सकाळी फिलूताईचं बोट दुखावलं. दोन झेल, अकरा धावा. त्याच कसोटीच्या जोरावर पुढे साताऱ्याच्या शाळेत क्रीडाशिक्षिकेची नोकरी लागली, शेकडो मुली हाताखालून गेल्या.

तरुणाने संघाच्या व्यवस्थापकांची जुनी डायरी उघडून दाखवली. त्या तारखेखाली लिहिलं होतं, 'बोट दुखतंय असं जाहीर करा म्हणून फिलोमिना हटून बसली आहे. म्हणते, उज्ज्वलाला खेळवा, तिला पुन्हा संधी मिळायची नाही.'

उज्ज्वलाताईंनी लगेच वसईला फोन लावला. "फिलूताई, तुझं बोट दुखत नव्हतं ना गं?"

"चाळीस वर्षांनी कळलं होय तुला?" फिलूताई हसली.

"अगं, तुझा विक्रम गेला माझ्यापायी! मी तुझे..." उज्ज्वलाताई फोनवरच रडू लागल्या.

"रडू नकोस, वेडे. तू पहिला झेल घेतलास ना, तेव्हा मी एवढी ओरडले की दोन दिवस घसा बसला होता. खरं दुखणं काय ते तेवढंच."